पाहुणे स्लॅबखाली, घरचे पत्र्यात

मस्कतहून विमान सुटलं तेव्हा माझ्या पिशवीत खजूर होते, अप्पांसाठी लोकरीची बंडी होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता. परत यायचं का? सुट्टी संपवून शाळेत पाऊल टाकलं की मुख्याध्यापक विचारणार होते, पुढचा करार करायचा की नाही. मी तिथल्या एका भारतीय शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. इकडं औसा तालुक्यात माझे वडील, अप्पा, एकटे राहतात. शिकलेल्यांनी मराठवाडा ओस पाडू नये, असं मी कॉलेजात असताना चौकाचौकात उभी राहून सांगत असे. ते मत आजही बदललेलं नाही.

मग अडतं कुठं, असं मैत्रिणी विचारतात. त्यांना मी नोकऱ्यांचं सांगते, विनाअनुदानित शाळांचं सांगते. ते खोटं नाही, पण ते पहिलं कारणही नाही. पहिलं कारण हे की मला आमच्याकडच्या छताची भीती वाटते. मी लहान होते तेव्हा भूकंपात आमचं माळवद (लाकूड आणि मातीचं जड सपाट छत) खाली आलं. आई त्याखालीच राहिली. मला बाहेर काढलं. अप्पा गणपती विसर्जनाहून परतून अंगणातच बाजेवर आडवे झाले होते, म्हणून वाचले. त्यानंतर मला नांदेडला मावशीकडं ठेवलं. मस्कतमध्येही मी तळमजल्यावरची, दाराजवळची खोली मागून घेतली आहे. पण तिथं झोप लागते. तिथली जमीन मला ओळखत नाही, असं काहीतरी वेडगळ मनात येतं आणि बरं वाटतं.

हैदराबादहून देगलूरची गाडी पकडली. शेजारी देवणीच्या बाजाराला निघालेले एक म्हातारे मामा बसले होते, मांडीवर दोरखंडाचं भेंडोळं.

"कोण्या गावची गं माय?"

"औसा तालुक्यातली."

"म्हंजे किल्लारीच्या अंगाला?"

"हो, त्याच बाजूला."

मामांनी माझ्याकडं नीट वळून पाहिलं. आमच्या भागातल्या माणसाकडं लोक असंच पाहतात, जणू आम्ही अजून जरा हलतोय.

"माझ्याकडं देवणी बैल हाय," ते म्हणाले. "सांजच्याला त्यो खाली बसला की मगच मी घरात जेवाया जातो. त्यो उभा असला की आमी समदे अंगणात."

"मामा, बैलाला भूकंप कळतो, याला काही पुरावा नाही."

"नसंल की. पर त्यो बसल्याबिगर मला घास उतरत न्हाई, त्याला काय करू?"

पुढच्या बाकावरचे दोघं हसले. मी वाद घालायला तोंड उघडलं होतं, पण गाडीनं खड्डा घेतला आणि माझा हात आपोआप समोरच्या दांडीवर गेला. मामांनी तो हात पाहिला. आणि जरा सरकून मला जागा करून दिली.

देगलूरच्या स्टँडवर चहावाला एका वाक्यात दोन राज्यं फिरून येत होता. "टी तागुतारा (चहा घेणार का) बाई, का भजी देऊ गरमागरम?" मी दोन्ही घेतलं. मिरचीची भजी इतकी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, आणि परदेशात राहून जीभ नाजूक झाली यावर चहावाल्यानं मनसोक्त तोंडसुख घेतलं. भांडण-हसण्याचा हा सूर मला तिथं मिळत नाही. त्या दहा मिनिटांत मला वाटलं, काय कठीण आहे, यावं की परत.

नांदेडला मावशीच्या गल्लीत शिरले आणि ते वाटणं विरलं. माझ्या लहानपणी ही गल्ली बैठ्या घरांची होती. आता दोन्ही बाजूंना उंच वसतिगृहं उभी आहेत, प्रत्येकाच्या फलकावर डॉक्टर होणाऱ्या मुलांचे चेहरे. आकाशाची पट्टी अरुंद झाली आहे. मावशी कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाली, पण आवाज अजून कचेरीतलाच आहे. "पाय धू आणि ताटावर बस. वाळलीस. तिकडं काय वाळूच खातात का?"

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. मी पहिलाच घास मोडला आणि जमीन गुरगुरली.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभी होते आणि हातात ताट होतं. आमटी सांडली होती, भाकरी मात्र मी अंगठ्यानं दाबून धरली होती. लाजेनं कान तापले. विज्ञानाची शिक्षिका! मग मी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या. त्यांच्या शेजारचे गृहस्थ अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला लावून उभे. वसतिगृहातल्या पोरी जिन्यात गोळा झालेल्या. सगळी गल्ली बाहेर, आणि कोणीच कोणाला हसत नव्हतं. इकडं अधूनमधून जमिनीखालून असे आवाज येतात. पेपरात छापून येतं, अधिकारी येऊन घाबरू नका म्हणतात.

कोपऱ्यावरून एकजण ओरडला, "अवो जावा घरात! मिक्सर हाय! हॉस्टेलचा स्लॅब टाकू लालेत!" (टाकताहेत.)

तेव्हा हशा पिकला. दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "चला, आज ताटासकट कोण पळालं त्याला बक्षीस." मावशीनं माझ्या हातातून ताट घेतलं आणि आत जाताना हळूच विचारलं, "मुक्ता, तिकडं पण पळतेस का गं अशी?"

"नाही. तिकडं नाही."

ती पुन्हा आमटी वाढायला आत गेली. मला मात्र दिवसभर त्या उत्तराची भीती वाटत राहिली. जिथं पळावं लागत नाही ते ठिकाण सोडून इथं का यायचं?

लोहा, अहमदपूर, चाकूर. एसटीच्या खिडकीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन आणि ज्वारीची कणसं. दुसऱ्या दिवशी येळवस होती. येळवस म्हणजे वेळ अमावस्या: त्या दिवशी लातूर जिल्ह्यातला माणूस शेतात जातो, कडब्याची कोप उभी करून तिची पूजा करतो आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवतो. गाडीत प्रत्येकाच्या तोंडी ताकातली आंबील आणि भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेल्या भज्जीच्या गोष्टी होत्या.

लातूरला मी उतरले ती कामासाठी. एका मोठ्या कोचिंग क्लासच्या मालकांनी मला शिकवायला बोलावलं होतं. ते अप्पांचे जुने विद्यार्थी, गावातलेच; आता त्यांना सगळं शहर नुसतं 'सर' म्हणतं. परत यायचं तर पोटापाण्याचं हेच एक काम समोर होतं. कोचिंगविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटली आहेत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो विषय हसतच काढला.

"तुमचं पत्रक मी वाचलं होतं, मॅडम. भाषा झकास. पण सांगा, भूकंपानंतर या जिल्ह्याला दुसरं काय उभं करता आलं? पोरांची डोकी. लातुरात आता भूकंप निकालाच्या दिवशीच होतो."

त्यांचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांनी इमारत दाखवली. खाली वर्ग, वर मुलींचं वसतिगृह. आम्ही चढत गेलो. वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्याएवढ्या खोलीत मुली वाचत बसल्या होत्या, मान खाली, ओठ हलताहेत. एकीनं वर पाहिलं आणि घाईनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. जिना एकच, रस्त्याच्या बाजूनं उघडा. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप, जे सरांनी मला आत नेण्यासाठी शिपायाकडून उघडून घेतलं होतं आणि आमच्यामागं पुन्हा लागलं होतं.

मी वळून जाळीपाशी गेले. "सर, हे कुलूप कशाला?"

"अभ्यासाच्या वेळेत कोणी भटकू नये म्हणून. पालकच मागतात."

"आणि किल्ली?"

"शिपायाकडं."

"शिपाई कुठं आहे?"

सरांनी खाली हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. मग खालून कोणीतरी सांगितलं, चहाला गेलाय, येईल इतक्यात. तो 'इतक्यात' किती होता ते मी सांगू शकत नाही. मी जाळीचे गज धरून उभी होते. माळवदाची माती नाकात गेली होती तशी आता जात होती. मुली वाचत होत्या. घाबरलेली मी एकटीच होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांच्यापैकी कोणीही तेव्हा जन्मली नव्हती.

शिपाई आला, कुलूप निघालं. रस्त्यावर आल्यावर मी सरांना म्हटलं, "अभ्यासाच्या वेळी ही जाळी उघडी राहिली तरच मी शिकवायला येईन."

"मॅडम, तुम्ही अजून पत्रकातच बोलता," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "बघू."

गावी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. आमचं नवं गाव जुन्या गावापासून दूर, माळावर वसवलं आहे. सरळ रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, प्रत्येक घरावर स्लॅब. प्रत्येक घरासमोर एक पत्र्याची शेड, भूकंपानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तात्पुरती म्हणून दिलेली. तात्पुरती शेड अजून का आहे, असं मी कधी विचारलं नव्हतं. मी यायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि उन्हाळ्यात सगळं गाव अंगणातच झोपतं.

अप्पा दारात उभे होते. आणखी बारीक झालेले. निवृत्त शिक्षक, पण गाव त्यांना ओळखतं ते पत्रकांमुळं. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, शेतमजुरांच्या रोजासाठी, आयुष्यभर त्यांनी पत्रकं काढली. नांदेडला ती एसटीनं यायची. मी अक्षरं त्यावरच शिकले. त्यातलं एक मला तोंडपाठ आहे. नवी घरं मिळाली आणि लोक आत जाईनात, तेव्हाचं ते. 'घरात झोपा. भीती ही अफवेची लेक आहे. सिमेंटला घाबरू नका, अज्ञानाला घाबरा.'

शेजारच्या काशीमावशीनं माझं अंथरूण घातलं, आतल्या सिमेंटच्या खोलीत. नवी सतरंजी, धुतलेली वाकळ. खोलीत धान्याच्या कणग्या होत्या, देव होते, आईचा फोटो होता. माणूस राहिल्याची खूण कुठंच नव्हती. कपडे नाहीत, चष्मा नाही, औषधाची बाटली नाही.

मी बाहेर आले. दिवेलागण झाली होती, बोचरी थंडी सुटली होती. आणि मी पाहिलं: सगळ्या गल्लीत माणसं आपापल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरत होती. चुली तिथंच, अंथरुणं तिथंच. सिमेंटच्या घरांना बाहेरून कड्या. अप्पांची बाजही पत्र्यातच होती, उशाला चष्मा आणि औषधं. बाजेला टेकून एक पहार आणि एक फावडं.

"काशीमावशी, हे सगळे बाहेर का झोपतात? या थंडीत?"

"आता गं माय! पहिल्यापास्नं असंच हाय की. स्लॅबखाली देव, दाणं आन् पाव्हणं. घरचे पत्र्यात."

"अप्पासुद्धा? पहिल्यापासून?"

"त्यायनीच तर घरात झोपा म्हणून कागद वाटले. वाटले आन् आले हितं पत्र्यात." ती खळखळून हसली. "आमी म्हणलं, गुर्जी, कागदाला आत निजवा, तुमी या बाहेर."

मी हसू शकले नाही. मला एकदम दोन गोष्टी कळल्या होत्या. ज्या पत्रकावर मी वाढले त्याच्या लेखकानं ते स्वतः पाळलं नव्हतं. आणि माझं अंथरूण स्लॅबखाली होतं. म्हणजे या घरात मी पाहुणी होते. ती रात्र मी दार उघडं टाकून, चपला पायात ठेवून काढली. तिच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी आम्ही येळवशीला शेतात गेलो. डोक्यावर घागरी, डब्यांत भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. आंबिलीचा आंबूस गार घोट पोटात गेला आणि रात्रभराचं आवळलेलं शरीर जरा सैल झालं. शेतात कडब्याची कोप उभी होती, पेंढ्यांना पेंढ्या टेकवून केलेली. आत पांडवांचे दगड चुना लावून मांडलेले. काशीमावशीचा सगळा गोतावळा होता, रस्त्यावरून ओढून आणलेला एक विमा एजंटही होता आणि तो तिसऱ्यांदा भज्जी वाढून घेत होता.

जेवणं झाल्यावर अप्पा कोपीत आडवे झाले आणि क्षणात त्यांना झोप लागली. तोंड उघडं, हात पसरलेले. इतकं निर्धास्त झोपलेलं त्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अंगावर पडलं तर नुसता कडबाच पडणार.

ते उठले तेव्हा आम्ही दोघंच होतो. मला राहवेना म्हणून मी विचारून टाकलं. "अप्पा, 'घरात झोपा' हे तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"मीच." त्यांनी डोळे चोळले. "खरं तेच लिहिलं. घर मजबूत हाय. नकाशा मी बघितलाय."

"मग तुम्ही का नाही झोपलात?"

"पत्रक उभ्यानं लिहिता येतंय, मुक्ता. झोपायला आडवं व्हावं लागतंय."

"ही पळवाट झाली." माझा आवाज चढला होता. "लोकांना आत जा म्हणायचं आणि आपण बाहेर. मलाही काल आत घातलंत. तुम्हाला ज्याची भीती वाटते त्याखाली मला?"

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग बोलले ते अगदी साध्या आवाजात, वर्गात गणित सांगावं तसे.

"त्या वक्ताला मी अंगणात होतो. म्हणून तुला काढता आलं. ज्या घरातली समदीच आत होती, त्यांना काढायला दुसऱ्या घरची माणसं यायला लागली. तवर उशीर झाला. घर कितीबी मजबूत असू दे. आत जो हाय त्याच्यासाठी बाहेर कुणीतरी पाहिजे. पाव्हण्याला मजबूत जागा द्यायची आन् घरच्यानं पहार घेऊन बाहेर बसायचं. गावानं हे ठरवलं न्हाई. सगळे आपापलं करू लागले, आन् तीच रीत पडली."

"हे पत्रकात का नाही लिहिलं?"

"लिहिलं आस्तं तर कोण आत गेलं आस्तं?"

मला त्यांचं सगळं पटलं असं नाही. लोकांना अर्धं सांगणं मला आजही चूक वाटतं, आणि ते मी त्यांना तिथंच सांगितलं. "चूक आसंल," ते म्हणाले आणि उंड्याचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. पण रात्री पाहिलेली ती पहार आता मला वेगळी दिसू लागली. मी चपला घालून दाराकडं पाहत जागी होते, तेव्हा दाराबाहेर माझे वडील जागे होते.

निघायच्या दिवशी काशीमावशी सतरंजी घडी घालत म्हणाली, "मग, पुढल्या बारीला कुठं टाकू गं तुझं अंथरूण? आत का पत्र्यात?" तिनं सहज विचारलं होतं. आत झोप लागत नसेल तर बाहेर टाकू, एवढाच तिचा अर्थ असावा. उत्तर देण्याआधीच गाडीचा हॉर्न वाजला.

परतीला मी उदगीरहून हैदराबादची रेल्वे धरली. उदगीरला जायला लातूरमार्गेच यावं लागलं, आणि गाडी बदलायला वेळ होता म्हणून मी त्या क्लासच्या समोर जाऊन उभी राहिले. वरच्या मजल्यावर दिवे होते. जाळी बंद होती. जिन्याखालची शिपायाची खुर्ची रिकामी होती. मी रस्त्याच्या पलीकडं, टपरीच्या आडोशाला, तो परत येईपर्यंत उभी राहिले. तो आला, मला न ओळखता बसला. मी तिथं उभं राहून काय करणार होते? माझ्याकडं किल्ली नव्हती, पहार नव्हती. तरी हलवेना.

उदगीरच्या फलाटावर धान्याच्या पोत्यांशेजारी बाकावर बसून मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, काशीमावशीला सांगा. माझं अंथरूण पत्र्यात टाका."

पलीकडं खाकरल्याचा आवाज. "पत्र्यात थंडी लई आस्तीय."

"असू दे. करार संपवून उन्हाळ्यात येते. कायमची."

"आन् काम?"

"सरांकडंच जाईन. आधी त्या जाळीवर एक पत्रक लिहायचंय. पूर्ण सगळं लिहायचं, अर्धं नाही."

"त्यो तुला घेणार न्हाई मग."

"मग गावातल्या पोरींना शिकवेन. पत्र्यात."

अप्पा हसले की काय, कळलं नाही. रेल्वेची घोषणा होत होती, अर्धी हिंदी, अर्धी मराठी. "बाज आणावी लागंल," ते म्हणाले. "दाराकडं डोकं करू का पाय?"

"पाय," मी म्हटलं. "उठलं की सरळ बाहेर."

हे मी मस्कतच्या खोलीत बसून लिहिते आहे. मुख्याध्यापकांना नाही म्हणून सांगून झालं. भीती गेलेली नाही; खरं सांगायचं तर वाढली आहे, कारण आता तिला दूर ठेवायला मधे समुद्र उरणार नाही. रात्री इथली जमीन स्थिर असते आणि मला झोप येत नाही. मग मी डोळे मिटून दोन बाजा मोजते. एक त्यांची, एक माझी. दोन्हींच्या मधे पहार टेकवायला जागा सोडलेली.